बियाण्यापुरता अंधार

१३ एप्रिल

लेकीने, मिरानने, ही वही पाठवली आहे. आत चिठ्ठी: "बाबा, फोनवर 'बरं आहे' यापलीकडे तुम्ही काही बोलत नाही. निदान इथे तरी खरं लिहा." आता बरं असेल तर माणसाने दुसरं काय सांगायचं? चौतीस वर्षं आन्दोंग शहरात बस चालवली, तीन मिनिटांच्या वर उशीर कधी केला नाही. वही लिहायची ठरली तर तीही वेळच्या वेळी लिहीन. काही घडलंच नाही त्या दिवशी मात्र लिहिणार नाही.

आज घरामागच्या तुकड्यात भांगेचं बी टोकलं. मोठ्या शेतात सरकारी कचेरीने दिलेलं बी मार्चमध्येच पेरून झालं. ते वाखासाठी, म्हणजे कापडाच्या धाग्यासाठी. हे घरामागचं बी वेगळं, मिरानच्या आईचं. लग्न होऊन आली तेव्हा छंगसोंगहून, माहेराहून, गाठोड्यात बांधून आणलेलं. तिच्या आईचंही हेच होतं. याच्या वाखाचं कापड कचेरीच्या बियाण्याला सात जन्मांत येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा बी शेतात उभं होतं. ते पाखरांनी खाल्लं. गेल्या वर्षी मी तुकडा पडीक ठेवला, कारण पेरावंसं वाटलंच नाही. डब्यात तीन वर्षांपूर्वीचं थोडं उरलं होतं तेवढं आज सगळं टाकलं. भांगेचं बी तीन वर्षांपुढे टिकत नाही. यंदा धरलं नाही तर संपलं. मग छंगसोंगचं बी जगात कुठेच नाही.

२ मे

एकसष्ट उगवली. तीनशेच्या वर टोकलं होतं. सकाळी मोजली, चहा घेऊन पुन्हा मोजली. एकसष्टच.

१८ मे

एक घोळ लक्षात आला. फेब्रुवारीत बोळात खांबावर नवा दिवा बसवला, त्याचा उजेड थेट माझ्या तुकड्यावर पडतो. हिवाळ्यात तिथे नुसती माती होती म्हणून कळलं नाही. काल रात्री बाहेर आलो तर रोपांच्या सावल्या पडलेल्या.

आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे की दिव्याखाली दाणा धरत नाही. सरपंचांच्या सासूने चावडीच्या दिव्याखाली तीळ लावले होते. पुरुषभर वाढले आणि दाणा एक नाही. भांग तर तिळाहून हट्टी. रात्र मोठी होतेय हे कळल्याशिवाय फुलायचं नाव घेत नाही. वाख हवा तर दिवस मोठा आहे तोवर कापायचं, बी हवं तर दिवस आखडेपर्यंत थांबायचं, एवढंच या पिकाचं शास्त्र. दिवा जळत राहिला तर तिला वाटणार उन्हाळाच चालू आहे.

अडचण अशी की दिवा बसवला उल्जिनवालीसाठी. ही बोळापलीकडची शेजारीण, माहेर उल्जिनचं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. जानेवारीत बर्फावर घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा सरपंच ह्वांगने कचेरीत खेटे घालून दिवा आणला.

आज चावडीवर विषय काढला.

"सांगदोकदादा," सरपंच म्हणाला, "भांगेसाठी दिवा काढला तर कचेरीत मी काय तोंड दाखवू?"

"काढायचा नाही रे. अडीच महिने बंद ठेवायचा."

"आणि पौर्णिमेचं काय? चंद्राच्या नावाने अर्ज कोण करणार?"

अख्खी चावडी हसली. माझे कान तापले. कोपऱ्यात उल्जिनवाली लसूण सोलत होती. वर न बघताच म्हणाली, "बंद करा. मिरानच्या आईचं बी आहे ते. माझी एक अट आहे, रात्री चावडीवरून मला यांनी घरी पोचवायचं. एवढी वर्षं गावाला पोचवलं, एक प्रवासी आणखी."

"वेळ पाळावी लागेल," मी म्हटलं.

"पाळेन की," ती म्हणाली.

मग कधीपासून, हा प्रश्न आला. मिरानच्या आईच्या टिपणवहीत साफ लिहिलंय: 'सातव्या महिन्याची पहिली, नराला कळ्या.' ती सगळं चांद्र महिन्यानेच लिहायची. ठरलं, सातव्या महिन्याच्या पहिल्या तिथीपासून बी निघेपर्यंत दिवा बंद. सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या आणि सरपंचाने फळ्यावर लिहून टाकलं. काम झालं.

२१ जून

आज वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. चौदा तास एकेचाळीस मिनिटं. उद्यापासून आखडायला लागेल. बटाटे काढले. अर्धी टोपली उल्जिनवालीकडे दिली, तर संध्याकाळी त्यातलेच बटाटे उकडून मीठ लावून परत आले. मग मी दिले कशाला?

भांग माझ्या खांद्याच्या वर गेली आहे.

१ जुलै

मोठं शेत कापलं. कचेरीचा नवा साहेब आला होता, पाला आणि शेंडे त्याच्यासमोर जाळावे लागतात. कोवळा पोरगा, सोलहून आलेला. धूर अंगावर आला तसा रुमाल नाकाला लावून मागे सरकला. म्हटलं, "साहेब, घाबरू नका. ही भांग चढणारी नाही, नेसायची आहे." हसला नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

घरामागची एकसष्ट त्याने बोटाने मोजली. बी निघाल्यावर पुन्हा येईन म्हणाला.

२७ जुलै

परवापासून अधिक सहावा महिना लागला. गावातल्या बायका वर्षभर याचीच वाट बघत होत्या. अधिक महिन्यात म्हणे लुडबुड करणारे देव आणि भुतं रजेवर जातात, तेव्हा शेवटचे कपडे शिवून ठेवले तर माणूस उलट जास्त जगतो. चावडीवर दोन दिवस आठ-दहा जणी बसून आपापल्या मरणाचे कपडे शिवताहेत आणि खिदळताहेत. काल एकीने घालून बघितले, तर दुसरी म्हणाली, "अगं, मागून जाड दिसतेस." असं सगळं चाललंय.

आज उल्जिनवाली दोरा घेऊन दारात उभी.

"अहो मिरानचे बाबा, माप द्या."

"कसलं?"

"तुमच्या कपड्यांचं. मिरानच्या आईने तुमच्यासाठी विणलेला तागा पेटीत तसाच पडलाय ना? आता नाही शिवला तर पुढचा अधिक महिना येईपर्यंत तीन वर्षं थांबावं लागेल."

"मला एवढी घाई नाही."

"घाई नसणाऱ्यांसाठीच असतात हे कपडे. सरळ उभे राहा. आणि श्वास सोडा, पोट आत ओढून मेलात तर कपडे ढगळ व्हायचे."

ती मापाच्या दोऱ्याला गाठी मारत होती. डावा खांदा उतरलाय म्हणाली. बसच्या स्टिअरिंगमुळे, मी सांगितलं. दोन वर्षांत माझ्या खांद्याकडे कोणी बघितलं नव्हतं. पेटी उघडून तागा दिला. तो हातात घेऊन तिने काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काय विणायची हो." मी पेटी बंद केली.

९ ऑगस्ट

आज स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

दुपारी उल्जिनवाली मक्याची उकडलेली कणसं घेऊन आली. मी तुकड्यात होतो. झाडं माझ्याहून उंच, हिरवीगार. मी म्हटलं, "दोन आठवड्यांनी दिवा बंद होईल, मग बघा." तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

"ही तीन का फुललीत?"

मी वळून बघितलं. अक्रोडाच्या झाडामागे ओळीने तीन झाडं, तिन्ही नर (भांगेत नर-मादी झाडं वेगळी), फुलांनी लगडलेली. हात लावला तर पिवळा पराग उडाला. बाकीच्या अठ्ठावन्न झाडांवर कळीचा पत्ता नाही.

"ही तीनच अंधारात उभी असतात," ती म्हणाली. "दिवा तिकडे, मध्ये अक्रोड. रोज रात्री खिडकीतून बघते ना मी. इथे सावलीचा पट्टा पडतो."

"पण सातवा महिना अजून लागलाच नाही!" मी म्हटलं. "टिपणवहीत..."

तिने कणीस खाली ठेवलं. "मिरानचे बाबा, यंदा सहावा दोनदा आला."

मी कपाळावर हात मारला. दोन आठवडे गावातल्या बायका अधिक महिन्याचे कपडे शिवताहेत, माझं स्वतःचं माप घेतलं, आणि सातवा महिना त्यामुळे पुढे ढकलला गेला हे माझ्या डोक्यात आलं नाही! फळ्यावर लिहिलेलं सगळ्या गावाने तीन महिने वाचलं, एकालाही खटकलं नाही. एकाच थांब्यावर बस दोनदा थांबवली आणि म्हणालो, अजून वेळ आहे.

भांग कॅलेंडर वाचत नाही, ती रात्र मोजते. बाहेरची रात्र केव्हाच पुरेशी मोठी झाली होती. तिला खबर पोचू दिली नाही ती आम्ही. आता तिन्ही नर पराग उधळून मोकळे होणार आणि एकही मादी तयार नाही. बाकीची आज अंधारात गेली तरी फुलायला पंधरा दिवस लागतील, दाणा भरायला सात आठवडे, आणि आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्याला पीक जाळणारं गोठलेलं दहिवर पडतं. बोटांवर तीनदा मोजलं. पुरतं, पण जेमतेम. एक दिवसही इकडे-तिकडे नको.

१० ऑगस्ट

सकाळीच सरपंचाकडे गेलो. त्याने कचेरीत फोन लावला. दिव्याचं काम बघणारा माणूस सुट्टीवर, पंधरा तारखेच्या स्वातंत्र्यदिनानंतर येणार. बटणाच्या पेटीची किल्ली त्याच्याच खिशात.

"आठवडाभराचा तर प्रश्न आहे दादा."

"आठवडाभर भांगेला पण रजेवर पाठव," मी म्हटलं आणि घरी आलो.

मिरचीच्या वाफ्यांवर अंथरायचा काळा कागद होता. उल्जिनवालीने तो दुहेरी घेऊन पिशवीसारखा शिवला. मी शिडी लावली. अडुसष्टाव्या वर्षी खांबावर चढणं शोभतं का, असं मिरानने विचारलं असतं, म्हणून तिला सांगितलं नाही. उल्जिनवालीने शिडी धरली होती. वरून खाली बघितलं तर डोळे गच्च मिटलेले.

"डोळे मिटून कशी धरताय?"

"तुम्ही पडलात तर मला बघायचं नाही!"

दिव्याला टोपरं घातलं, वाखाच्या दोरीने बांधलं. संध्याकाळी दिवा लागला पण उजेड बाहेर आला नाही. बोळात मिट्ट काळोख. गेली दोन वर्षं काळोख झाला की मला घरात बसवत नसे. आज तोच बघून जीव भांड्यात पडला.

आठ वाजता चावडीवरून उल्जिनवालीला आणलं. चावडी ते तिचं फाटक मला एकट्याला चार मिनिटं लागतात. आज सहा लागली.

१६ ऑगस्ट

कळी नाही. रोज सकाळी शेंडे तपासतो.

रात्री येताना उल्जिनवालीने बॅटरी लावली. तुकडा आला तसा मी विझवायला लावली. उगाच जोखीम कशाला? मग तिला दिसेना, तेव्हा तिने माझी बाही धरली. गुडघा दुखतो म्हणते, म्हणून हळू चालावं लागतं. हे गुडघ्याचं प्रकरण मला समजलेलं नाही. दुपारी शहराची बस चुकेल म्हणून हीच बाई गावातून पळत गेली, मी पाहिलं. रात्रीचाच धरत असेल.

आज नऊ मिनिटं.

२३ ऑगस्ट

सातव्या महिन्याची पहिली. सरपंच ठरल्याप्रमाणे दिवा बंद करायला कचेरीच्या माणसाला घेऊन आला. माणसाने वर बघितलं, टोपरं बघितलं.

"हे काय?"

"झोपलाय तो," उल्जिनवाली म्हणाली. "आवाज करू नका."

माणूस हसून पेटीतलं बटण बंद करून गेला. टोपरं राहू द्या म्हणाला, नाहीतर चुकून कोणी लावायचं.

कळी नाही. आज तेरा दिवस झाले. जेवण गेलं नाही. मिरानच्या आईला मनातल्या मनात म्हटलं, तुझं बी मी हातचं घालवलं. साठ वर्षं दोन बायकांनी सांभाळलं, माझ्याकडे आलं आणि दोन वर्षांत संपलं.

२५ ऑगस्ट

आलं!

सकाळी साडेसहाला, बोळाकडच्या तिसऱ्या झाडावर. पानाच्या बगलेत दोन पांढरे केस, अगदी बारीक. मादी. टिपणवहीत तिने लिहिलंय, 'मादीला आधी पांढऱ्या मिशा येतात, हसू नये.' मी हसलो नाही, तुकड्यात उकिडवा बसून रडलो. दुपारपर्यंत सात माद्या मोजल्या, आणि नरांना गोळ्यांसारखे घोस धरले आहेत. म्हणजे परागही मिळणार.

धावत जाऊन उल्जिनवालीला सांगितलं. तिचे हात मिठाच्या पाण्यात होते, तशीच आली, ओल्या हाताने फांदी धरून बघितली. "मिशा आहेत खऱ्या," म्हणाली.

मिरानला रात्री सांगितलं तर ती फोनवर म्हणाली, "मला रात्री? आणि सकाळी कोणाला सांगितलं?" जी समोर होती तिला सांगितलं. यात विचारण्यासारखं काय आहे?

१२ सप्टेंबर

सगळ्यांची हजेरी झाली. अक्रोडामागचे तीन सोडून तीस नर आणि अठ्ठावीस माद्या. नरांचा पराग झडून गेला, ते आज कापून टाकले. माद्यांच्या घोसांत बारीक हिरवे दाणे लागलेत. दाबले तर पाणी निघतं.

दिवस रोज दोन मिनिटांनी लहान होतोय. रस्ता मात्र लांबतोय. काल अकरा मिनिटं लागली, आज बारा. तिने समुद्राची गोष्ट सांगितली. उल्जिनला त्यांच्या घरातून लाटांचा आवाज यायचा. इथे लग्न होऊन आल्यावर पहिलं वर्षभर शांततेने झोप येत नव्हती म्हणे. मी एकतीस वर्षं शेजारी राहतो, हे मला माहीत नव्हतं. गोष्ट संपेना म्हणून फाटकाशी उभे राहिलो. ते मिनिटांत धरलेलं नाही.

६ ऑक्टोबर

छुसोक, सुगीचा आणि पितरांचा सण. अधिक महिन्यामुळे सणही यंदा उशिरा. मिरान आली. सकाळी पितरांना नवा तांदूळ वाढला, मग टेकडीवर तिच्या आईच्या थडग्यावरचं गवत काढलं. मी सांगितलं तिला, दाणा भरतोय, अजून आठ-दहा दिवस हवेत.

उल्जिनवालीने खारवलेला बांगडा भाजून पाठवला होता. मिरानने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "बाबा, फ्रीजमधल्या सहा डब्यांपैकी आपले किती?"

"एक."

"आणि तुम्ही त्यांना रोज घरी सोडता?"

"ठरलंय तसं. दिवा बंद आहे ना."

"किती वेळ लागतो?"

"आता चौदा मिनिटं."

ती खिडकीबाहेर बघून हसायला लागली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, चावडी जवळ आहे ना, म्हणून. कामाच्या ताणाने या मुलांचं असं होतं. जाताना मात्र तिने मला घट्ट मिठी मारली. बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर

बातम्यांत सांगितलं, उद्या पहाटे दहिवर. घोसांत काही दाणे राखाडी झालेत, बरेच अजून हिरवे. पाच दिवस हवे होते. आठ फुटी झाडं झाकणार कशाने?

उल्जिनवाली म्हणाली, "मुळापासून कापा. उलटी टांगा. समुद्राकाठी मासळी टांगतो तशी. खोडात आहे ते दाण्यात उतरेल."

"भांग म्हणजे मासळी नव्हे."

"माहितेय. पण शेतात उभी राहून तर मरणारच आहे."

टिपणवहीत याबद्दल अक्षर नाही. मिरानच्या आईवर अशी वेळच आली नव्हती, तिने कधी सातव्या महिन्याची वाट बघितली नसती. तुकड्यात मी अर्धा तास नुसता उभा होतो. कापली आणि दाणा चिरमटला, तर माझ्याच हाताने संपणार. नाही कापली आणि दहिवर पडलं तरी संपणार. आयुष्यभर ठरलेल्या मार्गावरून बस नेली. इथे फाटा, आणि पाटी नाही.

शेवटी ठरवलं. ज्यांना राखाडी रंग धरलाय त्या सतरा कापल्या. अकरा अगदीच हिरव्या होत्या, त्या देवाच्या हवाली. माझ्या पडवीची उंची पुरेना, म्हणून उल्जिनवालीच्या कोठीत टांगल्या. खाली चादरी अंथरल्या. तिच्या कोठीत मासळीचा वास आहे. ती म्हणाली, "वास लागला तर पुढच्या वर्षी कापडाला येईल, काय करणार."

ती 'पुढच्या वर्षी' म्हणाली तेव्हा मला धीर आला.

१५ ऑक्टोबर

दहिवर पडलं. सहा वाजता बघितलं तर अकराच्या अकरा झाडांचा चिखल. काळी पडून वाकली आहेत. दाणे मऊ, पोकळ. त्यांच्याजवळ थांबलो नाही, सरळ कोठीत गेलो.

उल्जिनवाली आधीच तिथे होती, चादरीवर बसलेली. "एक पडलाय," म्हणाली. तळहातावर एक दाणा. राखाडी, वर जाळीची नक्षी. छंगसोंगच्या बियाची हीच खूण. मी दातांत धरून बघितला नाही, फुकट गेला असता.

२६ ऑक्टोबर

बडवलं, पाखडलं, पाण्यात टाकलं. निम्म्याहून जास्त तरंगलं. ते फोल. बुडालं ते दीड मापटं. मोठं शेत पेरायला पुरणार नाही, पण बियाण्याचा तुकडा चारदा पेरता येईल. तीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून खोलीच्या खालून तापवलेल्या जमिनीवर, कोमट कोपऱ्यात ठेवले. आता फक्त थांबायचं.

सरपंच शिडी घेऊन आला होता. "दादा, बी निघालं. टोपरं काढू ना?"

मी हो म्हणणार तोच बोळापलीकडून आवाज आला. "ह्वांग, या वाऱ्यात वर चढून पडशील. बर्फ पडायच्या आधी बघू."

वारा नव्हता. पण बाईमाणूस काळजीने बोलतं, आपण वाद घालू नये. सरपंच माझ्याकडे बघत शिडी घेऊन गेला. जाताना शीळ घालत होता.

१ नोव्हेंबर

तीसपैकी सव्वीस उगवले. पांढरी शेपटी, प्रत्येकी नखाएवढी. फडकं उघडून टेबलावर ठेवलंय आणि समोर बसून हे लिहितोय. आहे, बी आहे. मिरानच्या आईच्या फोटोसमोर नेऊन दाखवलं.

सकाळी एक गोष्ट ठरवली. बी एकाच घरात राहिलं म्हणून ही वेळ आली. मी आजारी पडलो, मेलो, विसरलो, की संपलं. म्हणून अर्धं उल्जिनवालीकडे ठेवायचं. पण भांगेचं बी असं कोणाकडे देता येत नाही, परवान्यावर दुसरं नाव घालावं लागतं. दुपारी कचेरीचा तो सोलचा साहेब बी मोजायला आला, त्याने फॉर्म दिला. उल्जिनवालीला बोलावलं.

पहिल्या रकान्यात नाव. मी पेन उचललं आणि थांबलो. गाव तिला उल्जिनवाली म्हणतं, मीही म्हणतो. फॉर्मवर ते चालत नाही. एकतीस वर्षांनी शेजारणीला नाव विचारायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बांग मल-सुन," ती म्हणाली. "लिहा. कोणी लिहिलं नाही बऱ्याच दिवसांत."

मी लिहिलं. अक्षर नीट आलं. जन्मतारीख, पत्ता. मग शेवटचा रकाना: परवानाधारकाशी नातं.

साहेब चहा पीत होता. मी विचारलं, "शेजारी चालेल का?"

"चालेल," साहेब म्हणाला.

मी 'शेजारी' लिहिलं. मल-सुनने फॉर्म हातात घेतला, चष्मा वर करून ओळ न ओळ वाचली आणि साहेबाला विचारलं, "हा दरवर्षी नवा भरायचा असतो ना?"

"हो आजी, दर मार्चमध्ये."

"मग यंदा शेजारीच असू द्या," ती म्हणाली, सही केली, आपल्या वाट्याचं बी उचललं आणि गेली.

साहेबाने माझ्याकडे बघितलं आणि मी साहेबाकडे. तो पहिल्यांदाच हसला.

तो गेल्यावर तासभर तसाच बसलो होतो. ती कशाबद्दल बोलली ते चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं. चौदा मिनिटांचा हिशेबही तेव्हाच लागला. घरात कोणी नव्हतं तरी मोठ्याने हसलो. आज चावडीवरून तिला आणायला आठाला जायचं आहे. साडेपाचलाच दाढी करून तयार झालो.